पिठाच्या गिरणीवरचे आबा

पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं, तर त्यांनी मान वळवून मागे कोण आलंय ते बघितलं. मागे भिंत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर बिर कोणी नाही इथे. माले आबा म्हण. आणि चपला खाली काढून ये, हात धुऊन ये."

मी परत जिना उतरले. चपला काढल्या, गिरणीच्या नळावर हात धुतले आणि वर आले. आबांनी माझे तळहात उलटसुलट करून पाहिले. बावीस वर्षांची, बी. एस्सी. झालेली मुलगी मी. मला असला राग आला! धुळ्याहून जळगावला मावशीकडे राहायला आले होते ते कॉम्प्युटर शिकायला, पंगतीला बसायला नव्हे.

नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. कॉम्प्युटर क्लास म्हटलं की काचेचं दार, गार हवा आणि टाय लावलेला एखादा मास्तर असं चित्र असायचं. मावशीने मला पाठवलं ते पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. खोलीत एकच कॉम्प्युटर, आणि तो गोधडी पांघरून बसलेला. पीठ वर येतं ना! आबा रोज सकाळी सातला ती गोधडी काढायचे, गच्चीत झटकायचे, घडी करून खिडकीत ठेवायचे, आणि मगच बटण दाबायचे.

आबा मूळचे दोंडाईच्याकडचे. तीस वर्षं सरकारी नोकरीत आकडे गोळा करत फिरले. रिटायर व्हायला वर्ष असताना ऑफिसात कॉम्प्युटर आला, आणि बाकीचे सगळे त्याला दुरून नमस्कार करत होते तेव्हा आबांनी शब्दकोश मांडीवर घेऊन त्याचं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, ह्यांनी कॉम्प्युटर घेतला. शिकवायचे फक्त एकच गोष्ट, स्प्रेडशीट. "पत्र टाइप कराले शिकायचं असेल तर चौकात जा," असं सरळ सांगायचे.

गिरणीचं आणि आमचं मोठं लफडं होतं. खाली मोटर सुरू झाली की वर व्होल्टेज पडायचं आणि कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. सेव्ह केलं नसेल तर सकाळभराचं काम गेलं. यावर आबांनी उपाय काढला होता. खिडकीतून एक सुतळी खाली सोडली होती, तिला बैलाच्या गळ्यातली घंटी. आबांनी सुतळी ओढली की गिरणीवाला थांबायचा. आम्ही सेव्ह करायचो, आबा पुन्हा ओढायचे, की मोटर सुरू. खाली डबे घेऊन बसलेल्या बायका कुरकुरायच्या, तर गिरणीवाला त्यांना म्हणायचा, "थांबा व माय, वरती पोरीयचं गणित अडकलंय." एवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! कोणत्या दिवशी, किती वाजता, कसलं दळण येतं याचीही त्यांनी स्प्रेडशीट केली होती. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, दळणाला मोटर जास्त वेळ चालते आणि लग्नसराईत सकाळी नऊनंतर कामाची आशाच धरू नये, हे त्यांनी दोन वर्षांच्या आकड्यांवरून सिद्ध केलं होतं. गिरणीवाला स्वतः वर येऊन विचारून जायचा, उद्या किती गर्दी आहे म्हणून.

पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. खोलीत शहाबादी फरशी होती. त्या फरश्यांच्या आडव्या ओळींना खडूने आकडे आणि उभ्या रकान्यांना अक्षरं लिहिलेली. प्रत्येकीने एका फरशीवर पाटी घेऊन उभं राहायचं. "तू बी-चार. तुझ्या वरच्या तिघींची बेरीज तुझ्या पाटीवर लिही." मग वरच्या एकीने पाटीवरचा आकडा बदलला की खालचीने ओरडून नवीन बेरीज सांगायची. आम्ही सात जणी सकाळी सातला फरशीवर उभ्या राहून आकडे ओरडत असायचो आणि समोरच्या गच्चीवरचा म्हातारा दात घासायचं थांबवून आमच्याकडे बघत असायचा. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण खोटं कशाला बोलू? सूत्रातलं डॉलरचं चिन्ह कॉलेजातल्या कोणालाही मला नीट समजावता आलं नसतं, ते आबांनी एका मिनिटात समजावलं. सूत्र खाली खाली उतरवत नेलं की त्यातले पत्तेही खाली सरकतात. पण एखादा पत्ता जागेवरच राहायला हवा असेल तर? प्रत्येक आकड्याला एकाच बेरजेने भागायचं असेल तर? आबांनी एकीला एकूण बेरजेच्या फरशीवर उभं केलं, तिच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं. "हाई म्हैस खुंट्याले बांधेल शे. कळप कुठेबी जावो, ही अठेच. डॉलर म्हणजे काय? खुंटा." त्यानंतर आमच्या वर्गात कोणी डॉलर म्हटलं नाही. आजही माझ्या ऑफिसातल्या नवीन मुलींना मी "खुंटा लावलास का?" असं विचारते आणि त्या एकमेकींकडे बघतात.

आबा कधी शाबासकी द्यायचे नाहीत. आणि सरासरीचा त्यांना भयंकर तिटकारा. शिकवायचे, पण कारल्याची भाजी वाढावी तसं. म्हणायचे, "सरासरी म्हणजे लग्नातला गटाचा फोटो. बठ्ठा, सगळेच दिसतात, पण तोंड कोणाचंच ओळखू येत नाही." त्यांचा नियम असा की आधी आकडे नुसते बघायचे. वरून खाली, खालून वर. सूत्र नंतर. आम्ही म्हणायचो, आबा, कॉम्प्युटर कशाला मग? तर म्हणायचे, "घाई कसली? आकडे पळून चाललेत का?"

मी मात्र पळतच होते. तीन महिन्यांत मला तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात रोजंदारीवर काम लागलं. अंगणवाड्यांमधल्या मुलांची वजनं दर महिन्याला नोंदवहीतून यायची, ती कॉम्प्युटरवर भरायची. ऑफिसात तो डबा सुरू करता येणारी मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. साहेबांनी न सांगताच मी प्रत्येक गावाच्या मुलांच्या वजनाची सरासरी काढली, गावांची उतरत्या क्रमाने यादी लावली आणि छापून त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेब खूश झाले. यादीतलं सगळ्यात खालचं नाव त्यांनी लाल पेनाने घेरलं.

ते गाव असोद्याच्या पुढे होतं. तिथल्या सेविका मंदाताई. मी त्यांना बघितलंही नव्हतं. साहेब म्हणाले, "बाकी सगळ्या गावांत मुलं बरी आहेत, हिच्याच गावात निम्मी कशी काय खंगलेली? पोरांना द्यायची सुकडी वाटत नाही ही बाई. घरच्या म्हशीला घालत असेल." सोमवारच्या बैठकीनंतर मंदाताईंना कामावरून कमी करायचं, असं पत्र त्यांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. माझ्या यादीवर एवढा मोठा निर्णय झाला याची धुंदी होती.

शुक्रवारी सकाळी ती यादी, तिच्यामागचे सगळे आकडे आणि त्यांची फ्लॉपी घेऊन मी आबांकडे गेले. गेले म्हणजे मिरवायलाच गेले. आबांनी चष्मा लावला, यादी बाजूला ठेवली आणि आकड्यांचे कागद फरशीवर पसरले. बराच वेळ गुडघ्यावर बसून ते वरून खाली, खालून वर बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, सरासरी काढी. पोरं देख्यात का?"

"आबा, मी ऑफिसात बसते. मुलं कुठून बघणार?"

"मग हे बघ. पॉइंटच्या नंतरचा आकडा वेगळ्या रकान्यात काढ. कोणता आकडा कितीदा आलाय, गावागावाने मोज."

मी नाक मुरडतच बसले. पूर्ण किलो वजा करून उरलेला भाग वेगळा काढला, शून्यापासून नवापर्यंत मोजणी लावली. आबांनी घंटी ओढून मोटर थांबवून ठेवली होती, खालून बायकांचा कालवा ऐकू येत होता. आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत जे आलं ते बघून माझा हातच थांबला. गावामागून गाव, फक्त शून्य आणि पाच. आठ किलो, साडेआठ, नऊ, साडेनऊ. मुलं जणू दुकानातून मापून आणल्यासारखी. एकाच गावात शून्यापासून नवापर्यंत सगळे आकडे होते. सात पॉइंट नऊ, आठ पॉइंट तीन, नऊ पॉइंट एक. मंदाताईंचं गाव.

"एवढ्या गावांमधून एकाच बाईने काटा वाचलाय," आबा म्हणाले. "बाकीच्यांनी अंदाज केलाय. पण नुसता काटा वाचल्याने वजन एवढं कमी कसं येईल? हाई गाव काबर येगळं शे, ते इथे बसून कळणार नाही. चल."

"कुठे?"

"बस मिळेल अजून."

मी काय करणार? पत्र माझ्या टाइपरायटरवरून निघालं होतं. आबांमागोमाग बसमध्ये बसले. आबा खिडकीशी होते. असोद्याच्या केळीच्या बागा सुरू झाल्यावर ते आपणहून बोलले. "नोकरीची पहिली दोन वर्षं मीबी असेच आकडे लिहिले. पिकाचं वजन शेतात जाऊन घ्यायचं असतं. मी निंबाखाली बसून लिहायचो. कोणाला काही कळलं नाही. अजूनपण कळलेलं नाही." मी त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेरच बघत होते. तिसऱ्या वर्षी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नशिबाने त्या दिवशी गावात वजनाचाच दिवस होता. अंगणवाडीच्या ओट्यावर आढ्याला गोल काटा टांगलेला आणि त्याच्या हुकाला कापडी झोळी. झोळीत बसवलेलं पोर बोंब मारत होतं. मंदाताई उंच, काटक, कपाळाला आठी. आम्ही जळगावहून आलोय म्हटल्यावर त्यांनी "बसा" म्हणून सतरंजीकडे बोट दाखवलं आणि काम चालूच ठेवलं. पुढच्या पोराच्या पायातले चांदीचे वाळे त्या काढायला लागल्या, तर आजी कडाडली, "वाळे कायले काढते व? नजर लागीन!" मंदाताई म्हणाल्या, "लागू दे. वाळे पोरगं नाही, आजी." वाळे काढले, अंगडं काढलं, करगोट्याला बांधलेली पितळी घुंगरं सोडली. पोर झोळीत घातलं, काटा थांबेपर्यंत थांबल्या, डोळा बारीक करून वाचलं. वहीत लिहायच्या आधी कोपऱ्यात काहीतरी वजाबाकी केली.

आबा ताडकन उठले. "ही वजाबाकी कशाची, ताई?"

"झोळीची."

"म्हणजे?"

मंदाताईंना वाटलं असणार, कुठून आलीत ही दोघं. त्यांनी रिकामी झोळी काट्याला लावून दाखवली. काटा सातशे ग्रॅमवर गेला. "सरकारी झोळी दोन महिन्यांत फाटली, सगळ्याच गावांत फाटल्या, जिनं तिनं घरीच शिवली. मंग मी जुन्या सतरंजीची शिवली, खाली लाकडाची पट्टी टाकली. काट्याचा शून्यावर आणायचा स्क्रू जाम हाये. हे वजन पोराच्या नावावर कायले लावू?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. झोळ्या तर सगळ्याच गावांच्या फाटल्या होत्या! सगळ्यांनीच घरी शिवल्या होत्या. आणि दीड-दोन वर्षांच्या पोराला सातशे ग्रॅम म्हणजे किती! तेवढ्याने खंगलेलं पोर कागदावर गुटगुटीत होतं.

आबांनी माझ्या हातातला कागद घेतला. त्यावर नावं नव्हती, नुसते अनुक्रमांक. "बारा नंबर?" त्यांनी विचारलं.

"अलका. दात येऊन राह्यले, खात नाही," मंदाताई वहीत न बघता म्हणाल्या.

"एकोणीस?"

"जुळ्यातला धाकटा. थोरला अठरा. थोरला त्याचंही खाऊन टाकतो."

"सव्वीस?"

"सव्वीसचं चालू महिन्यात वजन वाढलं. सुकडी मी समोर बसून खाऊ घालते तिला. तिची माय शेतात जाते ना."

या बाईला कामावरून काढायचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. आणि मी तिच्या हातचा चहा पीत होते. परतीच्या बसमध्ये आबांना म्हटलं, तुम्ही चला साहेबांकडे, तुमचं ते ऐकतील. आबा म्हणाले, "यादी कोणाची?"

"माझी."

"मग?"

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. रोजंदारीवरची पोरगी, साहेबांना चूक सांगणार! म्हटलं, "साहेब, माझी यादी चुकली आहे." आकडे दाखवले, शून्य-पाचची मोजणी दाखवली, झोळीचं सांगितलं.

साहेब भडकले. "म्हणजे बाकी सगळी गावं खोटी आणि ही एकटी खरी?"

"खोटी नाहीत साहेब. झोळीसकट आहेत."

त्यांनी शिपायाला हाक मारून स्टोअरमधून काटा आणि कोणत्या तरी गावाची परत आलेली झोळी मागवली. शिपायाने ती खिडकीच्या गजाला टांगली. रिकाम्या झोळीने काटा आठशेवर नेला. साहेब खुर्चीतून उठून जवळ गेले, झोळी काढली, पुन्हा लावली. पुन्हा आठशे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्यांची पुन्हा वजनं घेतली तर माझ्या तालुक्यात खंगलेली मुलं किती वाढतील, कळतंय का तुला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वाढणार नाहीत साहेब. आहेतच ती."

बोलून झाल्यावर वाटलं, गेली नोकरी. पण साहेबांनी ते पत्र मागून घेतलं, दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सगळ्या सेविकांना बोलाव. येताना आपापली झोळी घेऊन या म्हणावं. आणि त्या मंदाबाईंना सांग, शिकवायला यायचंय."

पुढच्या आठवड्यात, बैठकीच्या दुपारी हॉलमध्ये नुसता कल्ला. गोणपाटाच्या झोळ्या, जुन्या नऊवारीच्या, खताच्या पिशव्यांच्या. मंदाताई समोर उभ्या राहिल्या. "अजून पोरगं टाकलं नाही, अन् काटा पाहा कुठी गेला." एकेकीची झोळी टांगायची आणि वजन मोठ्याने वाचायचं. पहिल्या दोन-चार वेळा हशा झाला. एकीची झोळी किलोभर निघाली तर टाळ्यासुद्धा पडल्या. मग हळूहळू हसणं कमी होत गेलं. बायका आपापल्या वह्या उघडून बघायला लागल्या.

हायवेकडच्या एका गावच्या वयस्कर सेविका होत्या, केस पांढरे झालेले. त्यांच्या झोळीचं वजन नऊशे निघालं. त्या वही घेऊन खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "मंग माह्या पोरायचं काय व? मी तर बठ्ठी चांगली म्हणून लिहिली."

मी धावत पुढे गेले. म्हटलं, "मावशी, रडू नका, मी कॉम्प्युटरवर एका मिनिटात सगळी वजनं दुरुस्त करून देते." तोवर दारापाशी बसलेले आबा उठून आले होते. त्यांना मीच बोलावलं होतं. त्यांनी मला हाताने मागे केलं आणि त्या बाईंच्या शेजारी सतरंजीवर मांडी घातली.

"तुझी यादी तू कर पोरी," ते मला म्हणाले. "ह्या बाईंना एकेक पोर डोळ्यासमोर आणू दे." मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी वही आपल्या मांडीवर घेतली. "वाचा ताई. पहिलं नाव?"

बाईंनी नाव वाचलं. आबांनी नऊशे वजा केले. दुसरं नाव. तिसरं. मंदाताईही येऊन बसल्या, मग आणखी दोघी-तिघी. बैठक संपली, साहेब गेले, हॉल झाडणारा येऊन दोनदा डोकावून गेला, तरी वाचन चालूच होतं. एका नावापाशी त्या बाई अडखळल्या. वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मले बारीकच वाटायची. पण काटा चांगलं सांगे, म्हणून मी गप राह्यले."

आबांनी वजाबाकी करून आकडा त्यांच्यासमोर धरला आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. बाईंनी तो दोनदा वाचला, आणि त्या मुलीच्या नावापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, दुप्पट सुकडी.